चित्रपट आणि गेम्ससाठी मोठा टीव्ही: टिकाऊ कोणता मानावा?

चौकस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या बैठकीच्या खोलीतला ४० इंची एलसीडी टीव्ही नऊ वर्षे विनातक्रार चालला आणि मागच्या आठवड्यात बघता बघता अंधारला. आवाज नीट येतो, रिमोटलाही तो दाद देतो, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. बरीच वर्षे पुढे ढकललेला विषय त्यामुळे आता टाळता येणार नाही. मोठा टीव्ही घ्यायचा आहे, आणि एकदा घेतला की पुढची आठ-दहा वर्षे त्याच्याकडे पुन्हा बघावे लागू नये अशी इच्छा आहे. (पडद्याकडे नव्हे, पाठीमागच्या स्क्रूंकडे.)

आमचा वापर असा आहे. रात्री मी चित्रपट पाहतो, आठवड्यातून चार-पाच तरी. मुलगा शनिवार-रविवार प्लेस्टेशन ५ वर खेळतो, आणि खरे सांगायचे तर तो झोपल्यावर मीही खेळतो. दिवसा आई बातम्या लावते, रोज चार-पाच तास, एकच वाहिनी. सोफ्यापासून भिंत मोजून अडीच मीटरवर आहे. समोरच्या बाजूला एक खिडकी आहे, तिला पडदा आहे, पण दिवसा तो कोणी ओढत नाही.

जाहिराती वाचून डोके भणभणले आहे. एका ठिकाणी ओएलईडीशिवाय पर्याय नाही असे म्हटलेले असते, तर दुसऱ्या ठिकाणी ओएलईडी दोन वर्षांत डागाळतो असे. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: किती इंची घ्यावा, कोणत्या प्रकारचे पॅनेल घ्यावे आणि ‘टिकाऊ’ हा शब्द टीव्हीच्या बाबतीत नेमका कशाला लावावा. कंपन्यांची नावे सुचवण्यापेक्षा कारणे सांगितलीत तर अधिक उपयोग होईल.

काळोखप्रेमी

आकाराचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी निकालात काढतो. चित्रपटगृहासारखा अनुभव हवा असेल तर पडद्याच्या दोन कडांनी डोळ्याशी केलेला कोन महत्त्वाचा असतो. एसएमपीटीई या चित्रपट-तंत्रज्ञांच्या संस्थेची शिफारस सुमारे ३० अंशांची आहे, तर टीएचएक्सची ४० अंशांची. तुमच्या अडीच मीटरवरून ५५ इंची पडदा साधारण २७ अंश व्यापतो, ६५ इंची ३२ अंश आणि ७७ इंची ३७-३८ अंश. म्हणजे ६५ ही तुमच्यासाठी खालची मर्यादा समजा. आकडा दहानेच वाढलेला दिसला तरी ५५ पेक्षा ६५ इंची पडद्याचे क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी जास्त असते. ८के च्या, म्हणजे ४के च्या चौपट पिक्सेलच्या, मोहात मात्र पडू नका. ६५ इंची ४के पडद्यावरचा एक पिक्सेल सुमारे ०.३७ मिलिमीटरचा असतो आणि निरोगी डोळ्यालाही तो सव्वा मीटरच्या पलीकडून वेगळा ओळखता येत नाही. तुम्ही त्याच्या दुप्पट अंतरावर बसणार आहात.

आता पॅनेल. एलसीडीमध्ये पिक्सेल स्वतः उजळत नाही. मागे दिवे असतात आणि पिक्सेल झडपेसारखा त्यांचा प्रकाश अडवतो. ही झडप कधीच पूर्ण मिटत नाही. आयपीएस प्रकारच्या पॅनेलमध्ये पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर हजाराला एकच्या आसपास असते, व्हीए प्रकारात ते तीन ते पाच हजारांपर्यंत जाते. म्हणून अंधारात चित्रपट पाहणाऱ्याने एलसीडी घेताना निदान व्हीए घ्यावे. आयपीएसचा गुण असा की बाजूला बसलेल्यालाही रंग नीट दिसतात. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे बारीक करून त्यांचे शेकडो किंवा हजारो गट केलेले असतात आणि चित्रातला जो भाग काळा असेल तिथला गट मंद होतो. हे बऱ्यापैकी साधते, पण हिशेब करून पाहा: ४के पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल असतात आणि गट हजार असले तरी एका गटाच्या वाट्याला आठ हजारांहून अधिक पिक्सेल येतात. काळ्या आकाशातल्या चांदणीभोवती दिसणारे धुरकट वलय त्यातूनच येते. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःचा दिवा असतो आणि तो पूर्ण विझतो.

हा फरक चित्रपटात सर्वांत जास्त कुठे जाणवतो, हे सहसा कोणी सांगत नाही. तो जाणवतो चित्राच्या बाहेर. २.३९ गुणोत्तरात (रुंदी उंचीच्या २.३९ पट) चित्रित केलेला चित्रपट १६:९ च्या पडद्यावर केवळ तीन-चतुर्थांश उंची व्यापतो आणि वर-खाली मिळून पाव पडदा काळा राहतो. ती काळी पट्टी राखाडी दिसली तर दोन तास तुम्ही चित्रपटाबरोबर टीव्हीची चौकटही पाहत बसता. ती खोलीच्या काळोखात विरघळली, तर भिंतीवर फक्त चित्र तरंगते. मी प्लाझ्माच्या, म्हणजे पिक्सेल स्वतः उजळणाऱ्या जुन्या टीव्हींच्या, काळातला माणूस आहे. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा पॅनेल बनवणे थांबवले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले होते. ते दुःख ओएलईडीने भरून काढले.

माझे मत: ६५ किंवा ७७ इंची ओएलईडी, आणि खिडकीचा पडदा ओढण्याची सवय.

बटणबहाद्दर

वरच्या प्रतिसादात गेम्सचा उल्लेखही नाही, म्हणून ती बाजू मांडतो.

दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे विलंब: बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ. दुसरी म्हणजे पिक्सेलचा प्रतिसाद: एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला पिक्सेल किती वेळ घेतो. जाहिरातीतला ‘एक मिलिसेकंद’ हा आकडा दुसऱ्या गोष्टीचा असतो, आणि हाताला जाणवते ती पहिली. चित्रपटाच्या मोडमध्ये टीव्ही चित्रावर इतकी प्रक्रिया करतो की विलंब अनेकदा ५० ते १०० मिलिसेकंदांच्या घरात जातो. ६० फ्रेम्सच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे तुम्ही तीन ते सहा फ्रेम्स मागे खेळत असता. गेम मोड लावला की चांगल्या टीव्हीवर हाच विलंब दहा-पंधरा मिलिसेकंदांवर येतो आणि १२० हर्ट्झवर (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलताना) त्याहूनही खाली.

पिक्सेलच्या प्रतिसादात ओएलईडीला तोड नाही. व्हीए पॅनेलमध्ये काळ्यातून गडद राखाडीत जाताना पिक्सेल रेंगाळतो, त्यामुळे अंधाऱ्या गुहेत कॅमेरा फिरवला की वस्तूंच्या मागे शेपूट दिसते. शिवाय बऱ्याच मिनी एलईडी टीव्हींमध्ये गेम मोड लावताच दिव्यांच्या गटांचे नियंत्रण ढिले पडते आणि चित्रपटात न दिसलेली वलये गेममध्ये दिसू लागतात. म्हणून परीक्षणे वाचताना ती निरीक्षणे कोणत्या मोडमधली आहेत हे आधी पाहावे.

आता जोडणी. खोक्यावर ‘एचडीएमआय २.१’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. त्या मानकातली बहुतेक वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत आणि त्यांतले एखादेच देऊनही हे नाव लावता येते. तुम्ही वैशिष्ट्यांची नावे घेऊन चौकशी करा: ४के ला १२० हर्ट्झ आहे का, व्हीआरआर आहे का, एएलएलएम (गेम सुरू होताच गेम मोड आपोआप लावणे) आहे का, ईआर्क (टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलनेच साउंडबारकडे पाठवणे) आहे का. जुन्या २.० मानकाची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट होती आणि त्यात पूर्ण प्रतीचे ४के चित्र ६० फ्रेम्सपर्यंतच निभावते, २.१ ची कमाल ४८ आहे. अनेक टीव्हींमध्ये चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण क्षमतेचे असतात आणि त्यांतला एक नेमका ईआर्कचाही असतो. साउंडबारने तो घेतला की कन्सोलसाठी एकच उरतो. एकच कन्सोल असेल तर चालते, दोन असतील तर रोज केबल उपसत बसावे लागते.

व्हीआरआर म्हणजे गेम जितक्या फ्रेम्स देईल त्या गतीने पडद्याने स्वतःला बदलणे. प्लेस्टेशन ५ ला ही सोय एप्रिल २०२२ मध्ये मिळाली आणि ती ४८ ते १२० हर्ट्झ या पट्ट्यात चालते. ओएलईडीवर व्हीआरआर लावल्यावर काही गेम्सच्या गडद दृश्यांत प्रकाश लुकलुकतो, हा ज्ञात दोष आहे आणि तो बदलून घेतलेल्या टीव्हीतही तसाच दिसेल. शेवटचे म्हणजे ‘मोशन रेट २४०’ अशा आकड्यांकडे काणाडोळा करा. पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट ६० आहे की १२० एवढेच विचारा.

सोल्डरमास्तर

मी बावीस वर्षे टीव्ही दुरुस्त केले आहेत. आता निवृत्त आहे, पण हात शिवशिवतात.

चौकस यांनी नवीन टीव्ही घेण्यापूर्वी एक काम करावे. खोलीत पूर्ण अंधार करा, बंद पडलेला टीव्ही सुरू करा आणि प्रखर टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धरा. टॉर्चच्या उजेडात अंधूक चित्र हलताना दिसले, तर तुमचे पॅनेल जिवंत आहे आणि फक्त मागचे दिवे गेले आहेत. एलईडीच्या पट्ट्यांतले दिवे एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक दिवा तुटला की आख्खी साखळी विझते, आणि पुष्कळ टीव्हींचा पॉवर सप्लाय हे ओळखून उरलेलेही बंद करतो. ४० इंचीच्या पट्ट्या बदलणे जमण्यासारखे काम आहे. बदलायच्या तर सगळ्याच बदला, कारण बाकीच्यांनीही तितकीच वर्षे भोगलेली असतात.

आता ‘टिकाऊ’ या शब्दाकडे येतो. लोक मला कंपनीचे नाव विचारत आणि मी त्यांना बॅकलाइट किती टक्क्यांवर आहे ते विचारत असे. एलसीडी टीव्हीत माझ्या टेबलावर सर्वांत जास्त आले ते दिवे, त्याखालोखाल पॉवर सप्लाय आणि मग टी-कॉन बोर्ड, म्हणजे पॅनेलला चित्राचे संकेत पुरवणारे सर्किट. या सगळ्यांचा शत्रू एकच: उष्णता. दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्ही ज्या भडक मोडमध्ये ठेवलेला असतो, त्यात बॅकलाइट शंभर टक्क्यांवर असतो आणि कित्येक घरांत तो तसाच वर्षानुवर्षे चालतो. संध्याकाळच्या उजेडात निम्म्यावर आणला तरी चित्र पुरेसे उजळ असते आणि दिव्यांचे आयुष्य कितीतरी वाढते.

दुसरी गोष्ट बारीकपणाची. दिवे पडद्याच्या कडेला ठेवून एका पारदर्शक पत्र्यातून प्रकाश आतपर्यंत पोहोचवला की टीव्ही बोटभर जाडीचा होतो आणि भिंतीवर शोभून दिसतो. पण सगळी उष्णता एका कडेला गोळा होते. माझ्याकडे आलेल्या अशा टीव्हींत तो पत्रा वाकलेला, तडकलेला किंवा कडेला पिवळा पडलेला मी अनेकदा पाहिला आहे. आर्टिंग्ज या परीक्षणे करणाऱ्या संस्थेने २०२२ च्या अखेरीस शंभर टीव्ही दीर्घकाळ चालवून पाहण्याची चाचणी सुरू केली. त्यातही कडेने दिवे असलेल्या टीव्हींचे हेच दुखणे ठळकपणे पुढे आले. एलसीडी घ्यायचा तर पाठीमागे पूर्ण पसरलेले दिवे असलेला घ्या आणि दोन बोटे जाडी जास्त असली तर आनंद माना.

तिसरी गोष्ट: पॅनेल गेले की टीव्ही गेला. मोठ्या टीव्हीच्या किमतीतला मुख्य वाटा पॅनेलचाच असतो, त्यामुळे ते बदलण्यात शहाणपण नसते. म्हणून वाढीव वॉरंटी घेताना तीत पॅनेल येते का, आणि ओएलईडी असेल तर चित्राचा ठसा उमटणे हा दोष तीत धरला आहे का, हे लेखी वाचून घ्या. बऱ्याच ठिकाणी तो वगळलेला असतो. आणि घराजवळ सर्व्हिस सेंटर कोणाचे आहे ते पाहा, कारण ६५ इंची टीव्ही काखोटीला मारून नेता येत नाही.

पडदानशीन

काळोखप्रेमी यांचा प्रतिसाद वाचून मलाही अंधारात बसावेसे वाटले, पण त्यांनी धाग्यातली एक ओळ वाचली नसावी असे दिसते. दिवसा चार-पाच तास एकच वृत्तवाहिनी. पडद्याच्या खालच्या भागात सतत धावणारी पट्टी, कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह, त्याशेजारी घड्याळ, आणि हे सगळे लाल-पांढऱ्या भडक रंगांत. ओएलईडीला याहून वाईट आहार देता येणार नाही. रोजचे पाच तास म्हणजे वर्षाला अठराशे तास होतात, आणि पाच वर्षांनी तुमच्या त्या काळोखात विरघळणाऱ्या पट्टीच्या जागी बातम्यांचे भूत दिसू लागेल.

शिवाय ती खिडकी. क्यूडी-ओएलईडी या प्रकारच्या पॅनेलच्या पृष्ठभागावर बाहेरच्या उजेडाची चमक अडवणारा ध्रुवण थर नसतो, त्यामुळे खोलीत उजेड असला की त्याचा काळा रंग राखाडी-जांभळट दिसतो. पांढऱ्या पिक्सेलवर रंगीत गाळण्या बसवलेल्या दुसऱ्या प्रकारच्या ओएलईडीत हे होत नाही, पण पूर्ण पडदा पांढरा झाला की टीव्ही स्वतःच उजेड कमी करतो. दिवसाच्या क्रिकेट सामन्यात किंवा हिमप्रदेशातल्या गेममध्ये ते लगेच लक्षात येते.

माझ्याकडे चार वर्षे मिनी एलईडी आहे. चांदणीभोवती वलय दिसते हे मान्य. पण मी चित्रपट पाहताना चांदण्या मोजत नाही.

काळोखप्रेमी

ती ओळ मी खरेच नजरेआड केली, हे कबूल करतो. बातम्यांच्या बाबतीत पडदानशीन यांचे म्हणणे योग्य आहे. सोल्डरमास्तरांनी उल्लेखलेल्या चाचणीत टीव्ही वृत्तवाहिनीवरच चालवले गेले आणि त्यांतल्या ओएलईडींवर ठसे उमटलेच. मात्र त्याच चाचणीतून दुसरा निष्कर्ष निघतो, की रोज वेगवेगळे चित्रपट पाहणाऱ्याला हे भय बाळगण्याचे कारण नाही. गेम्समध्येही एकच खेळ महिनोन्‌महिने चालला आणि त्याचे आयुष्यदर्शक पट्टे कोपऱ्यात स्थिर राहिले तरच प्रश्न येतो.

मग हा वाद पॅनेलचा उरत नाही. त्या एका टीव्हीवर कोण, किती तास, काय पाहते, एवढाच तो आहे.

चौकस (धागाकर्ता)

सोल्डरमास्तर, आपल्या सांगण्यावरून काल रात्री टॉर्चचा प्रयोग केला. पडद्याला टॉर्च टेकवताच बातम्या देणारी बाई भुतासारखी हलताना दिसली आणि आई एकदम म्हणाली, “अगं बाई, ही तर आत आहे!” म्हणजे पॅनेल शाबूत आहे.

आता एक शंका. ओएलईडीचा हा ठसा नेमका कशामुळे उमटतो? टीव्हीमध्ये तो पुसण्याची सोय असते असे वाचले, मग भीती कसली?

सोल्डरमास्तर

‘पुसणे’ हा शब्द कंपन्यांच्या सोयीचा आहे. ओएलईडीतले सेंद्रिय पदार्थ उजळता उजळता झिजतात आणि जो पिक्सेल जास्त उजळला तो जास्त झिजतो. बोधचिन्हाच्या जागेचे पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा लवकर म्हातारे होतात आणि त्यांच्यातल्या फरकालाच आपण ठसा म्हणतो. झिजलेले परत येत नाही. टीव्ही करतो ते एवढेच, की प्रत्येक पिक्सेल किती झिजला हे मोजून त्याला तेवढी जास्त वीज देतो, म्हणजे सगळे सारखे उजळलेले दिसतात. ही उसनवारी असते आणि ती जोवर पुरते तोवर चित्र निर्दोष दिसते.

पण याच मोजणीत एक गोम आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. मोजणी तुम्ही टीव्ही पाहत असताना होत नाही. साधारण चार तासांचा वापर साठला की पुढच्या वेळी रिमोटने टीव्ही बंद केल्यावर, पडदा काळा असताना, ती काही मिनिटे चालते. त्यासाठी टीव्हीला वीज लागते. जो रिमोटने टीव्ही बंद करून लगेच भिंतीवरचा खटकाही बंद करतो, त्याच्या टीव्हीची मोजणी कधीच पूर्ण होत नाही. माझ्याकडे दीड वर्षात ठसा उमटलेला एक ओएलईडी आला होता. घरातले आजोबा शिस्तीचे होते, रोज रात्री न चुकता खटका बंद करत.

वीज वाचवण्याची सवय चांगली आहे, इथे ती सोडा. विजेचा दाब वरखाली होत असेल किंवा विजा कडाडत असतील तर मात्र प्लग काढणेच योग्य, आणि त्यासोबत अँटेनाची आणि नेटवर्कची केबलही काढा. वीज त्या वाटेनेही आत येते.

काळोखप्रेमी

पॅनेल ठरले की आणखी दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण टीव्ही घरी आल्यावर पहिल्याच रात्री त्यांच्यावरून निराशा होते.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर २४ चा भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवून वेळ भरून काढावी लागते, आणि कॅमेरा संथपणे बाजूला सरकत असताना चित्र अडखळते. १२० ला २४ ने बरोबर पाच वेळा भाग जातो, त्यामुळे प्रत्येक फ्रेम सारखीच रेंगाळते. १२० हर्ट्झचे पॅनेल गेम न खेळणाऱ्यालाही हवे ते यासाठी. तरीही ओएलईडीवर एक वेगळीच गंमत होते. पिक्सेल इतका तत्पर असतो की एक फ्रेम खटकन जाऊन दुसरी खटकन येते. एलसीडीच्या आळसामुळे जो मऊपणा आपोआप मिळत असे, तो इथे मिळत नाही. बटणबहाद्दर ज्या गुणाचे कौतुक करतात, तोच माझ्या वाट्याला कधीकधी दोष म्हणून येतो. यावर उपाय म्हणून टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतः रचतो, पण ते पूर्ण चालू ठेवले तर मोठा चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. मी ती मात्रा अगदी कमी, दहातली एक-दोन ठेवतो. २०१९ मध्ये जाहीर झालेला फिल्ममेकर मोड बहुतेक नव्या टीव्हींत असतो आणि तो ही सगळी ढवळाढवळ एका बटणावर बंद करतो. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर आणि मंद वाटेल. डोळे सरावले की दुकानातला निळसर झगमगाट नकोसा होतो.

दुसरी गोष्ट एचडीआरची, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणाऱ्या तंत्राची. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ हे दोन्ही दृश्यागणिक चमक बदलण्याच्या सूचना टीव्हीला देतात. सॅमसंग डॉल्बी व्हिजन देत नाही, हे माहीत असू द्या. पण त्यावरून टीव्ही नाकारण्याइतका फरक चांगल्या पॅनेलवर दिसत नाही, हे माझे प्रामाणिक मत आहे.

बटणबहाद्दर

प्लेस्टेशन ५ गेम्ससाठी डॉल्बी व्हिजन वापरतच नाही, त्यामुळे मुलाच्या दृष्टीने तो मुद्दा गैरलागू आहे. त्याच्यासाठी टीव्हीत एचजीआयजी नावाचा, चमक ठरवण्याचे काम कन्सोलवर सोडणारा पर्याय असेल तर तो आधी निवडा आणि मगच कन्सोलमधली एचडीआरची जुळवणी करा. नाहीतर टीव्ही आणि कन्सोल दोघेही चमक आपापल्या परीने आवळतात आणि ढगांतला तपशील हरवतो.

चौकस (धागाकर्ता)

मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतो आहे, निर्णय आणि त्यानंतरचा गोंधळ दोन्ही सांगायला.

पडदानशीन आणि काळोखप्रेमी यांच्या वादात मला माझे उत्तर सापडले, पण ते मध्यभागी नव्हते. दोघेही बरोबर होते, कारण ते वेगवेगळ्या टीव्हींबद्दल बोलत होते. मी जुन्या ४० इंचीच्या सगळ्या पट्ट्या बदलून घेतल्या, बॅकलाइट चाळीस टक्क्यांवर आणला आणि तो आईच्या खोलीत तिच्या खुर्चीसमोर लावला. तिला मोठा पडदा नकोच होता. इतक्या जवळून मोठी माणसे अंगावर येतात, असे तिचे म्हणणे पडले. बातम्यांचे ते पाच तास आता तिकडे जातात आणि बैठकीत ६५ इंची ओएलईडी आला, जो सहसा संध्याकाळनंतरच सुरू होतो. ७७ चा मोह झाला होता, पण सर्व्हिस सेंटरवाल्याने आमचा जिना पाहिला आणि मान हलवली.

टीव्ही आल्यावर खोके फेकण्यापूर्वी एकरंगी करड्या, लाल, हिरव्या, निळ्या आणि पांढऱ्या पडद्यांवर पॅनेल तपासले. गडद करड्यावर दोन फिकट उभे पट्टे दिसतात, चित्रपटात ते शोधूनही सापडत नाहीत, म्हणून ठेवून घेतला. मृत पिक्सेल एकही नाही.

गोंधळ असा झाला, की कन्सोल १२० हर्ट्झ दाखवायलाच तयार नव्हता. केबल बदलली, टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये त्या पोर्टचा सिग्नल पूर्ण क्षमतेवर आणला, तरी नाही. शेवटी मुलाने शोधून काढले. मी जुन्या सवयीने कन्सोल आधी साउंडबारला जोडला होता आणि साउंडबार टीव्हीला. आमचा साउंडबार १८ गिगाबिटचा असल्यामुळे पुढचे सगळे त्याच्यातच अडत होते. आता कन्सोल थेट टीव्हीच्या पूर्ण क्षमतेच्या पोर्टला आहे आणि आवाज ईआर्कने साउंडबारकडे परत जातो.

सोल्डरमास्तर, एक शेवटचा प्रश्न आपल्याला. पहिल्याच रात्री चित्रपट संपल्यावर मी रिमोटने टीव्ही बंद केला आणि पाठोपाठ आईने येऊन खटका बंद केला. मी खटक्यावर चिकटपट्टी लावली, ती तिने दुसऱ्या दिवशी ‘हे काय घाण लावलंय’ म्हणून काढली. एक मोजणी अशी अर्धवट राहिली तर काही बिघडते का?

सोल्डरमास्तर

एकीने काही होत नाही, पुढच्या वेळी बंद केल्यावर टीव्ही ती पुन्हा सुरू करतो. चिकटपट्टीच्या भानगडीत पडू नका. टीव्हीचा प्लग तिचा हात पोहोचणार नाही अशा दुसऱ्या खटक्यावर न्या, आणि हा खटका तिच्यासाठी दिव्याला द्या.